एका फुलपाखराची दोन नावं



या व्याख्यानासाठी मी मुद्दाम हे दिवस मागून घेतले. पितृपंधरवडा सरत आलाय, घटस्थापना तोंडावर आहे, आणि पाऊस जातो जातो म्हणतोय पण जात नाहीये. आपल्याकडे फुलपाखरं बघायची तर याच्याइतका चांगला काळ नाही. पावसाळाभर वाढलेल्या गवतावर आणि झुडपांवर अळ्यांच्या पिढ्या पोसून झालेल्या असतात, तेरडा नि सोनकी फुललेली असते, आणि मधूनच कडक ऊन पडतं. फुलपाखराला पंख तापवायला ऊन लागतंच. बागेत, माळावर, पालिकेच्या न कापलेल्या गवतातसुद्धा बघायला काही ना काही सापडतं.

पण मी इतिहासाचा माणूस आहे, कीटकशास्त्राचा नाही. त्यामुळे कुठलं फुलपाखरू कसं ओळखायचं हे मी सांगणार नाही. ओळखताना माणसं कुठे चुकली, आणि ती चूक कशी सुटली, एवढंच सांगणार आहे.

लहानपणी आम्ही कोकणात आजोळी असायचो. गणपतीनंतरच्या दिवसांत, दिवेलागणीला, पडवीत एक तपकिरी फुलपाखरू यायचं. दिवसा ते दिसायचं नाही. अंधार पडायला लागला की गवतातून उठायचं, वेडंवाकडं उडत कंदिलाशी यायचं आणि भिंतीवर पंख मिटून बसायचं. मिटलेल्या पंखांवर ओळीने डोळे. पिवळ्या कड्यातले काळे, मध्ये पांढरा ठिपका. आजी ते हाकलू द्यायची नाही. म्हणायची, "या पंधरवड्यात घरात आलेल्या जिवाला हात लावायचा नाही." दिवाळीत पुन्हा गेलो की असंच एक फुलपाखरू यायचं, पण ते निराळं. आकार साधारण तोच, उडणं तेच, पण डोळे नाहीत. नुसतं वाळकं पान. त्यातही एक दुसऱ्यासारखं नाही: कुणी पेंढ्याच्या रंगाचं, कुणी काळपट, कुणावर बुरशी धरल्यासारखे डाग. आम्हा पोरांचं मत पक्कं होतं, ही दोन वेगळी फुलपाखरं.

आता बघा, आमचं जे मत होतं तेच युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांचं शंभर वर्षांहून जास्त काळ होतं. लिनेयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 साली यातल्या डोळेवाल्या फुलपाखराला 'लेडा' नाव दिलं. पुढे 1775 च्या सुमाराला ॲमस्टरडॅमचा व्यापारी आणि संग्राहक पीटर क्रॅमर याने वाळक्या पानासारख्या फुलपाखराला 'इस्मेनी' म्हटलं. दोन नावं, दोन जाती. दुसरं एक उदाहरण तर याहून गमतीचं आहे. आपल्याकडे पाणथळ जागी, भाताच्या बांधावर एक केशरी फुलपाखरू दिसतं. त्याच्या वरच्या बाजूला मोराच्या पिसासारखे मोठे डोळे असतात, म्हणून इंग्रजीत त्याला पीकॉक पॅन्सी म्हणतात. पावसाळ्यात त्याच्या पंखांची कड बऱ्यापैकी गोल असते आणि खालच्या बाजूलाही डोळे असतात. कोरड्या दिवसांत कडेला कोन फुटतात, मागच्या पंखाला देठासारखं टोक येतं, आणि पंख मिटले की हुबेहूब सुकं पान. लिनेयसने त्याच 1758 च्या ग्रंथात एकाला 'अल्माना' नाव दिलं आणि दुसऱ्याला 'ॲस्टेरी'. एकाच माणसाने, एकाच पुस्तकात, एकाच फुलपाखराला दोनदा बारसं घातलं!

त्याला हसण्यात अर्थ नाही. तो भारतात कधी आला नव्हता. त्याच्यासमोर होती पेटीत टाचणीने टोचलेली, जहाजातून आलेली मेलेली फुलपाखरं. त्यांवर महिना लिहिलेला नसे. जुलैचं आणि डिसेंबरचं फुलपाखरू एकाच ओळीत, एकाच उजेडात. अशा पेटीतून ऋतू कसा दिसणार?

मग हा पेच सोडवला कुणी? यात भलतीच माणसं भेटतात. कलकत्त्याला लायनेल डी नीसव्हिल नावाचा गृहस्थ होता. 1870 साली इंग्लंडहून आला आणि सरकारी कचेरीत कारकून झाला. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. फावल्या वेळात फुलपाखरं. भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या फुलपाखरांवरचा मोठा ग्रंथ त्याने मार्शल या लष्करी अधिकाऱ्याबरोबर लिहायला घेतला, आणि लिहिताना शंका यायला लागली. पावसाळ्यात डोळेवाली, कोरड्या दिवसांत बिनडोळ्यांची, अशा जोड्या एकीकडेच सापडतात, आणि एक मावळली की दुसरी उगवते, असं कसं? युरोपात असं एक उदाहरण तोवर माहीत झालेलं होतं. वसंतातलं नारिंगी आणि उन्हाळ्यातलं काळं, अशी दोन फुलपाखरं एकाच जातीची निघाली होती, आणि जर्मनीत ऑगस्ट वाइजमनने कोश थंडीत ठेवून त्यावर प्रयोग केले होते. (त्या दोघांनाही लिनेयसने 1758 मध्ये वेगवेगळी नावं दिली होती, हे आता वेगळं सांगायला नको.) पण उष्ण देशात, जिथे बर्फ पडत नाही तिथे, असं होतं का? डी नीसव्हिलने अळ्या पाळल्या. 1886 साली त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये कलकत्त्याच्या या गवतावर वाढणाऱ्या फुलपाखरांचं जीवनचरित्र छापलं आणि निष्कर्ष काढला: ही एकाच जातीची दोन रूपं आहेत, एक पावसाचं, एक कोरड्या ऋतूचं.

प्रयोगाला खर्च काय? बरणी, जाळी, रोज ताजं गवत. आणि न कंटाळणं. या माणसाला 1901 मध्ये सरकारने कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमलं, आणि त्याच वर्षी मलेरियाने तो वारला. म्हणजे डास चावून. इतिहासात असे योगायोग येतात, त्यावर मी काही बोलत नाही.

आता मुंबईकडे येऊ. तारीख 15 सप्टेंबर 1883, म्हणजे हेच दिवस. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन आपले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची करणारे आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. दोघेही डॉक्टर, दोघेही सुधारक. उरलेल्यांत ई. एच. एटकेन होता, 'ईएचए' या सहीने विनोदी निसर्गलेख लिहिणारा. त्याचा जन्म 1851 चा, आणि कुठला, तर साताऱ्याचा. नोकरी मीठ आणि जकात खात्यात. मिठागरं तपासत किनाऱ्याने फिरायचं आणि जाता जाता किडे बघायचे.

या एटकेनला कारवारला दोन जोडीदार मिळाले. डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी, आणि टी. आर. बेल हा जंगल खात्यातला. तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्याची फुलपाखरं लिहून काढली, आणि 1896-97 मध्ये सोसायटीच्या जर्नलात ती आली. मला हे काम फार थोर वाटतं, त्यामागे कारण आहे. तोवरच्या याद्या म्हणजे 'अमुक ठिकाणी अमुक पकडलं'. यांनी अंडं कुठल्या झाडावर घातलं, अळी कशी दिसते, पान कसं खाते, कोश कसा लटकतो, हे लिहिलं. बेलने पुढे अनेक वर्षं मैदानी फुलपाखरांवर लेखमाला चालवली, निवृत्त होऊन कारवारलाच राहिला आणि 1948 साली गेला. त्या लेखांत फुलपाखरू एकटं येत नाही. सोबत अळी, तिची घरं, तिच्या खोडी.

पण पाने, अळ्या आणून कोण देत होतं? एवढ्या रानातल्या एवढ्या झाडांवरून अळ्या एकट्या साहेबाने वेचल्या, यावर माझा विश्वास नाही. जंगल खात्याच्या अधिकाऱ्याभोवती शिपाई असतात, वाटाडे असतात, गावातली पोरं असतात. लेखांवर सह्या साहेबांच्या.

आता थोडा आडवा जातो, कारण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तुम्ही कीटक-भृंग न्याय ऐकलेला असेल. कुंभारीण माशी अळी धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते. अळी भीतीने तिचाच ध्यास घेते आणि शेवटी तीच माशी होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हा दृष्टांत आहे, आणि त्याच स्कंधावर नाथांनी 1573 साली काशीत आपली टीका पुरी केली. भक्तीच्या अंगाने दृष्टांत सुंदर आहे, त्याला मी हात लावत नाही. पण निरीक्षण म्हणूनही तो टाकाऊ नाही बरं का. कुणीतरी नीट पाहिलं होतं की आत अळी गेली, तोंड मातीने बंद झालं, आणि काही दिवसांनी त्यातून माशी निघाली. पाहिलं ते सगळं खरं. फक्त बंद घरट्यात काय झालं ते दिसलं नाही. आत माशीने अंडं घातलेलं असतं, अळी नांगी मारून लुळी केलेली असते, मेलेली नसते, आणि माशीचं पिल्लू तिला जिवंत खाऊन मोठं होतं. फ्रान्समध्ये फाब्र नावाच्या शाळामास्तराने अशा माश्यांची घरटी फोडून, अंडी आणि अळ्या घरी आणून हे बारकाईने पाहिलं आणि लिहिलं.

म्हणजे तिथे दोन जीव होते, लोकांना एक वाटला. इथे एक जीव होता, लिनेयसला दोन वाटले. दोन्हीकडे सुरुवात आणि शेवट दिसला, मधला भाग झाकलेला राहिला.

मधला भाग कसा असतो? आपलं ते तपकिरी फुलपाखरू गवतावर आणि भातावर अंडी घालतं. अळी हिरवी, डोक्याला दोन शिंगं, पात्याच्या रेषेत अशी पडून राहते की शेतकऱ्यालाही पटकन दिसत नाही. कोशही हिरवा, पात्याखाली लटकलेला. आता ही अळी भाद्रपदात वाढते आहे की आश्विनाच्या अखेरीस, यावर तिचे पंख ठरतात. तिने अजून पंख पाहिलेले नाहीत, पण वाढीच्या काळात मिळणारं तापमान तिला पुढचा ऋतू सांगतं. पॉल ब्रेकफील्ड आणि टॉर्बेन लार्सन यांनी 1984 मध्ये याचा अर्थ मांडला. पावसात सगळं हिरवं, फुलपाखरू सारखं हलतं, जोडीदार शोधतं, अंडी घालतं. लपणं शक्य नाही. तेव्हा पंखाच्या कडेला डोळे असले तर पक्ष्याची चोच तिथे पडते, तुकडा जातो, जीव वाचतो. कोरड्या दिवसांत अंडी घालायला हिरवं गवतच नसतं. तेव्हा काम एकच, पाचोळ्यात पडून राहणं. तिथे डोळे घातक, म्हणून पान. पीकॉक पॅन्सीच्या वरच्या मोठ्या डोळ्यांचा वेगळा प्रयोग उल्लासा कोडंदरामय्या आणि त्यांच्या स्वीडनमधल्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये छापला. डोळे रंगवून बुजवलेल्या फुलपाखरांपेक्षा डोळेवाली पक्ष्यांच्या तावडीतून जास्त वाचली.

हे सगळं माहीत झालं तरी या पंधरा दिवसांचं एक वैशिष्ट्य उरतंच. आत्ता जी फुलपाखरं निघतात त्यांतली काही धड इकडची नसतात, धड तिकडची नसतात. डोळे आहेत, पण पुसट, विरलेले. पंखाला कोन फुटू लागलाय, पण पुरता नाही. हळवं भात कापणीला आलेलं असताना आणि गरवं अजून हिरवं असताना अशी फुलपाखरं बांधावर दिसतात. लिनेयसच्या पेटीत अशी दोन-चार जरी शेजारी शेजारी टोचलेली असती, तर कदाचित दुसरं नाव द्यायला तो थबकला असता.

आणि गंमत म्हणजे आज आपण पुन्हा पेटीकडे चाललो आहोत. हल्ली सप्टेंबरात फुलपाखरं मोजायचे उपक्रम होतात, लोक हौसेने फोटो काढतात, ते मला आवडतं. माझ्याकडेही संध्याकाळी फोटो येतात, 'सर, नाव सांगा.' या मधल्या फुलपाखरांचे फोटो मात्र कमी येतात. विचारलं की सांगतात, "तो नीट आला नव्हता, खूण स्पष्ट दिसत नव्हती, काढून टाकला." अहो, तोच हवा होता! (हशा) फोटोवर निदान तारीख असते, एवढी आपली लिनेयसवर मात. पण अळी पाळणारे फार थोडे.

शेवटी प्रश्नोत्तरांआधी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: मैदानांवर हल्ली चतुरांचे थवे दिसतात, ते कुठून येतात? यातलाही मधला भाग झाकलेलाच आहे. मालदीवमध्ये ऑक्टोबरात असेच चतुर हजारोंनी येतात, आणि त्या बेटांवर त्यांना अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाहीच. तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं तारखा टिपल्या. आधी दक्षिण भारत, मग माले, मग सेशेल्स, मग पूर्व आफ्रिका. 2009 मध्ये त्याने मांडलं की हे किडे ईशान्येच्या वाऱ्यावर हिंदी महासागर ओलांडतात. एकाही चतुरामागे तो समुद्रभर गेलेला नाही. त्याच्याकडे होत्या फक्त तारखा, ओळीने लावलेल्या.

आता ज्यांना अळी पाळायची आहे त्यांच्यासाठी. रुंद तोंडाची बरणी घ्या, झाकणाऐवजी मलमलचं फडकं बांधा. ज्या पात्यावर अळी सापडली तेच गवत रोज द्या, दुसरं देऊ नका, ती ते खाईलच असं नाही. लेंड्या रोज काढा, नाहीतर बुरशी येते. पाणी शिंपडू नका. अळी खायची थांबली, पात्याला उलटी लटकली की बरणी हलवू नका. आणि बरणीवर एक चिठ्ठी डकवून कुठल्या तारखेला सापडली ते लिहा.

हं, आता विचारा.