भट्टीवरची नानकटाई

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, कारीट फोडून, सारे कुटुंब एका पंगतीस फराळाला बसते, तेव्हा पुढ्यातील बहुतेक जिन्नसांची कुळकथा घरच्या चुलीपाशी आरंभते आणि तेथेच संपते. चकली घरच्या कढईतून निघते, लाडू घरच्या परातीत वळला जातो, अनारशाचे पीठ घरच्याच डब्यात मुरते. एकटी नानकटाई घरी मळली जाऊन परक्याच्या विस्तवावर भाजली जाते. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीसारख्या गावांच्या मुलुखात हा पदार्थ सणाच्या ताटात कसा येऊन बसला, हे पाहू गेल्यास साखर, लोहमार्ग, धर्मनिर्णय आणि शेजारधर्म या चौघांचीही दप्तरे चाळावी लागतात.

काष्टीचे नाव दूरवर गाजले ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. गाईम्हशींचा राबता असलेल्या या मुलुखात घरच्या लोण्यातुपाचे अप्रूप नव्हते. परंतु भूमी अवर्षणप्रवण, अन्न ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे, आणि गहू हा सणावारीचा पाहुणा. सणासाठी गहू ओलवून, जात्यावर दळून, ते पीठ वस्त्रगाळ करून सपीठ काढावयाचे, आणि गुळाऐवजी साखर हवी असल्यास मॉरिशसहून येणाऱ्या मोरस साखरेची वाट पाहावयाची, असा तो काळ. त्यातही मुख्य उणीव अग्नीची होती. आपली चूल भांड्याला खालून तापविते. पीठ चहूबाजूंनी सारख्या मंद आचेत भाजावयाचे तर झाकणावरही निखारे ठेवावे लागतात. कोकणातल्या गृहिणी काकडीचे धोंडस याच युक्तीने करीत आल्या. देशावर मात्र या तंत्राचा फारसा प्रसार झाला नाही.

नानकटाईचे माहेर सुरत. तेथील वखारीतल्या डच लोकांसाठी पाव भाजणारी भट्टी, १८२४ च्या तहान्वये डचांनी सुरत सोडल्यानंतर, तिच्यावर राबणाऱ्या पारशी दोतीवाला घराण्याकडे आली, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. गिऱ्हाईक निघून गेले आणि भट्टी मागे राहिली, तेव्हा एतद्देशीयांच्या जिभेला रुचेल असे काही भाजणे प्राप्तच होते. तूप, साखर आणि पीठ यांची ही खुसखुशीत वडी त्या गरजेतून लोकप्रिय झाली व मुंबईच्या बाजारात उतरली.

मुंबईचा माल देशावर येण्यास मार्ग हवा होता. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा प्रांत होरपळून निघाल्यावर १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला, आणि भीमेच्या अलीकडचे काष्टी स्थानक एका हाताने दौंडाशी व दुसऱ्या हाताने नगराशी जोडले गेले. या मार्गाने गिरणीचा मैदा आला, साखर आली, चहा आला. नगरचा किल्ला १८०३ मध्येच इंग्रजांच्या हाती पडला होता. तेथील छावणीला आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीतील गोऱ्या व अँग्लो-इंडियन नोकरवर्गाला नित्य पाव लागे. म्हणजे सुरतेप्रमाणे येथेही परक्या तोंडांसाठी भट्ट्या पेटल्या होत्या.

परंतु त्या भट्टीचा पदार्थ उंबऱ्याच्या आत घेणे हा धर्माचा प्रश्न होता. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील सभेनंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी ती घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचे, म्हणजे वाळीत टाकले जाण्याचे, बालंट येऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तेही घ्यावी लागली. पाव-बिस्किटाचा विटाळ इतका जिव्हारी लागणारा होता. आणि तरीही पुढच्या दोन-तीन पिढ्यांतच त्याच समाजातल्या आयाबाया दिवाळीच्या तोंडावर डबे घेऊन बेकरीच्या दारी उभ्या राहू लागल्या.

हे परिवर्तन कोणत्याही परिषदेच्या ठरावाने झाले नाही. ते घडविले एका साध्या दस्तुराने: जिन्नस घरचा, हात घरचा, विस्तव तेवढा बेकरीवाल्याचा. तूप कोणते, पाणी कोणाच्या हातचे, ही शंका या व्यवस्थेत उरतच नव्हती. परातीत घट्ट तूप घेऊन ते तळहाताने एकाच दिशेने फेसावयाचे. ते पांढरेशुभ्र, हलके झाले की त्यात पिठीसाखर, मग मैदा, थोडा रवा, थोडे डाळीचे पीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, वेलदोडा आणि जायफळ मिसळावयाचे. पीठ फार मळले तर नानकटाई दडस होते, म्हणून ते नुसते एकत्र आणावयाचे. कोणी गोळे घरूनच वळून नेई, कोणी भट्टीपाशी बसून पत्र्यावर मांडी, मध्ये अंगठ्याने खळगा करून चारोळीचा दाणा बसवी. पत्र्यागणिक क्रमांकाची चिठ्ठी असे, मजुरी वजनावर ठरे, आणि आपलेच पत्रे आपल्याकडे परत येतात की नाही यावर घरातल्या मुलांचा पहारा असे.

भट्टीची रीतही समजून घेण्याजोगी आहे. विटांच्या घुमटात लाकडे पेटवून घुमट तापविला जातो, मग विस्तव बाजूस सारून कडक आचेत आधी पाव भाजला जातो. तो निघाल्यावर उतरत्या उष्णतेत बाकीचा माल जातो, आणि नानकटाईला हवी असणारी सौम्य, सर्वांगी ऊब शेवटी मिळते. जी उष्णता एरवी विटांतच विरून गेली असती, ती शेजाऱ्यांच्या सणास कामी येई. बेकरीवाला पुष्कळदा मुसलमान वा इराणी. त्याच घुमटात ईदेला त्याच्या आप्तांची नानकटाई भाजली जाई, नाताळात ख्रिस्ती घरांचे केक फुगत, आणि दिवाळीत आमचे पत्रे रात्र रात्र रांगेत असत.

स्वातंत्र्यानंतर या चालीला बहर आला. नगर जिल्ह्यातच प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० साली गाळपास लागला, आणि पुढे श्रीगोंद्याच्या शिवारातही ऊस डोलू लागला. नियंत्रणाच्या काळात शिधापत्रिकेवर दिवाळीसाठी मिळणारी जादा साखर गृहिणी जपून ठेवीत. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक आले, आणि अंदाजाने चालणारे पाकशास्त्र वाटी-चमच्याच्या मापात बसले. तालुक्याच्या व रेल्वेच्या गावांतून ही रीत बाजारच्या वाटेने खेड्यांकडेही सरकली.

आता घरोघर विजेच्या शेगड्या आल्या, तयार खोकी आली. मुंबईत लाकडाच्या भट्ट्या बंद करून स्वच्छ इंधन वापरण्याचा आदेश २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने दिला. हवा निर्मळ हवी यात दुमत नाही, आणि भट्टी गॅसवर वा विजेवर चालली म्हणून नानकटाईची चव सर्वस्वी जात नाही. जपावयाचा आहे तो लाकडाचा धूर नव्हे, तो दस्तूर आहे. ज्या समाजाने एका बिस्किटापायी आपल्या थोर पुरुषांना प्रायश्चित्त घ्यावयास लावले, त्याच समाजाने स्वतःच्या सर्वांत मंगल पहाटेचा घास अन्यधर्मी शेजाऱ्याच्या हाती विश्वासाने सोपविला, आणि त्या शेजाऱ्याने तो वर्षानुवर्षे न करपविता परत केला. इतिहासाच्या पुस्तकांत या व्यवहाराची नोंद क्वचितच सापडेल. म्हणूनच ज्या गावात अजून एखादी बेकरी दिवाळीत लोकांचे पत्रे स्वीकारते, तेथील गृहस्थांनी, घरी शेगडी असली तरी, वर्षातून एकदा आपले पीठ तिच्या दारी अगत्याने न्यावे.