किल्ली कोणाच्या हातात? होपी आणि अफगाण समाजाच्या इतिहासातून काय शिकायचे

मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या दोन्ही भव्य बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. आजही मार्च महिना आला की आपल्या गटांमध्ये ते छायाचित्र फिरते, आपण हळहळतो, चार ओळी लिहितो. ते दुःख खरेच आहे. पण अभ्यासवर्गात आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो. मूर्ती पाडण्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी २००१ मध्ये, त्याच बामियान प्रांतातल्या यकावलंग येथे तालिबानने हजारा समाजाचे किमान १७० पुरुष गोळा करून ठार मारले, हे किती जणांना माहीत आहे? बहुतेक वेळा एकही हात वर होत नाही.

दगडातला बुद्ध आपल्याला दिसला, त्या दगडाच्या पायथ्याशी राहणारा माणूस दिसला नाही. मित्रांनो, ही चूक आपली एकट्याची नाही. अमेरिकेतल्या होपी समाजाचेही असेच झाले आहे. त्यांच्या लाकडी बाहुल्या संग्रहालयात आहेत, चांदीचे दागिने दुकानात आहेत, त्यांच्या तथाकथित भविष्यवाण्यांवर पुस्तके खपतात. होपी माणूस काय खातो, कुठले पाणी पितो, त्याचे मूल कोणत्या शाळेत जाते, हे कोणी विचारत नाही. म्हणून या लेखात आम्ही हे दोन समाज शेजारी ठेवून पाहणार आहोत.

कोणी म्हणेल, ही कसली तुलना? एकीकडे चार कोटींचा देश, दुसरीकडे जेमतेम चौदा-पंधरा हजारांची जमात. एक मुस्लिम, दुसरी स्वतःच्या प्राचीन श्रद्धा जपणारी. आकाराची तुलना होऊच शकत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण दोघांच्याही आयुष्यात बाहेरची सत्ता ‘आम्ही तुम्हाला सुधारायला आलो आहोत’ असे म्हणत आली. दोघांकडेही शाळा आली, करार आले, पैसा आला. आणि दोघांच्याही हातात शेवटी किल्ली राहिली नाही. आमची तुलना या किल्लीची आहे.

शाळा : कोणी लादली, कोणी हिसकावली

होपी हे ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागातले मूळ रहिवासी. सपाट माथ्याच्या तीन उंच टेकड्यांवर त्यांची गावे आहेत. त्यांतले ओराइबी हे अमेरिकेतल्या सलग वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या गावांपैकी एक, साधारण नऊशे वर्षे जुने. वर्षाला जेमतेम २५ सेंटिमीटर पाऊस आणि कालवा नाही, तरी बी खोल पेरून मका पिकवणारा हा समाज आहे. वंश आईकडून चालतो. घर आणि शेत बाईकडे असते.

१६ डिसेंबर १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या आदेशाने होपींसाठी राखीव क्षेत्र आखले गेले. १८८७ मध्ये कीम्स कॅन्यन येथे सरकारी निवासी शाळा निघाली. या शाळांमध्ये मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषा बोलायला बंदी असे. त्याच वर्षी झालेल्या डॉज कायद्याने जमातींची सामूहिक जमीन मोडून ती कुटुंबप्रमुखांना वाटून द्यायचे धोरण आणले. होपींच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता : बाईच्या हातची जमीन पुरुषाच्या नावावर जाणार आणि कुळ मोडणार. १८९४ मध्ये कुळांच्या प्रमुखांनी आपापल्या कुळाची चिन्हे काढून वॉशिंग्टनला अर्ज पाठवला आणि हेच समजावून सांगितले.

उत्तर काय मिळाले? ज्यांनी मुले शाळेत पाठवायला आणि जमिनीची वाटणी मान्य करायला नकार दिला, त्या ओराइबीच्या १९ पुरुषांना सैन्याने पकडले आणि जानेवारी ते ऑगस्ट १८९५ या काळात अल्काट्राझ बेटावरच्या लष्करी तुरुंगात ठेवले. कुठल्याही न्यायालयात खटला चालला नाही. गुन्हा एवढाच की त्यांनी सरकारचे ऐकले नाही.

आता अफगाणिस्तानकडे या. तिथे पोरींनी शाळा मागितली आणि ती त्यांच्याकडून हिसकावली गेली. २००१ मध्ये मुलींचे प्राथमिक शिक्षण जवळजवळ शून्यावर होते. २०१८ पर्यंत प्राथमिक शाळेत सुमारे २५ लाख मुली पोहोचल्या. तालिबान परत आल्यावर सप्टेंबर २०२१ पासून सहावीच्या पुढची शाळा मुलींना बंद झाली. २३ मार्च २०२२ रोजी शाळा उघडल्या आणि काही तासांत पुन्हा बंद केल्या. रडत घरी परतणाऱ्या मुली जगाने पाहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचे दारही बंद झाले.

इथे आमच्या कार्यकर्त्यांचा गोंधळ होतो. आपल्यासाठी शाळा म्हणजे मुक्तीचे दार. ज्यांना वर्गाबाहेर बसवले गेले त्यांची आपण लेकरे आहोत. मग शाळेला विरोध करणारे होपी मागासलेले होते का? आमचे म्हणणे असे की प्रश्न शाळा हवी की नको हा नव्हताच. प्रश्न होता की शाळा कोणाची. जी शाळा मुलाला त्याच्या आईची लाज वाटायला शिकवते ती मुक्ती देत नाही. आणि जी सत्ता मुलीला शाळेबाहेर ठेवते तीही तिच्या संस्कृतीचे रक्षण करत नाही. दोन्ही ठिकाणी मूल काय शिकेल हे त्या मुलाच्या समाजाला न विचारता ठरवले गेले. होपींना स्वतःच्या भूमीवर स्वतःचे हायस्कूल १९८६ मध्ये मिळाले. म्हणजे कीम्स कॅन्यनच्या शाळेनंतर जवळपास शंभर वर्षांनी. तोपर्यंत मुलांना हायस्कूलसाठी घरापासून दूर जावे लागत होते. १९९८ मध्ये होपी भाषेचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध झाला. शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता, हे सिद्ध करायला एवढे पुरेसे आहे.

पोट : नळ दुसऱ्याच्या हातात

आता अर्थकारण पाहू, कारण स्वाभिमानाची भाषा रिकाम्या पोटी फार काळ टिकत नाही.

होपींच्या ब्लॅक मेसा पठाराखाली कोळसा आहे. १९६६ मध्ये पीबॉडी कंपनीशी खाणीचा करार झाला. पुढे उघडकीस आले की होपी परिषदेचा वकील जॉन बॉयडन याच काळात पीबॉडीचेही काम करत होता. म्हणजे विकणाऱ्याचा आणि विकत घेणाऱ्याचा वकील एकच! कोळशाची भुकटी जमिनीखालच्या शुद्ध पाण्यात मिसळून सुमारे ४४० किलोमीटर लांबीच्या नळातून नेव्हाडातल्या मोहावी वीजकेंद्राकडे ढकलली जात असे. वाळवंटात पावसावर मका पिकवणाऱ्या समाजाचे पिण्याचे पाणी कोळसा वाहायला वापरले गेले. दुसऱ्या खाणीतला कोळसा नावाहो वीजकेंद्राला जाई आणि तिथल्या विजेवर फिनिक्स व टूसॉनकडे कोलोरॅडो नदीचे पाणी उपसले जाई. शहरे उजळली, हिरवी झाली. अनेक होपी घरांत मात्र नळ आणि वीज नव्हती. काही गावांनी विजेच्या तारा स्वतःहून नाकारल्या होत्या, हेही खरे. पण नाकारणे आणि न मिळणे यांत फरक असतो.

मोहावी केंद्र २००५ च्या अखेरीस बंद पडले, नावाहो केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये. होपी शासनाच्या उत्पन्नाचा सुमारे चार-पंचमांश भाग कोळशातून येत होता. एका निर्णयाने तो आटला आणि तो निर्णय होपींनी घेतलेला नव्हता.

अफगाणिस्तानात कोळशाच्या जागी परकीय मदत ठेवा, चित्र तेच दिसेल. २०२१ पूर्वी तिथल्या सरकारी खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून भागत होता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, मदत थांबली आणि अफगाण मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेत ठेवलेले सुमारे ७ अब्ज डॉलर गोठवले गेले. शिक्षिकांचे पगार अडकले, दवाखाने ओस पडले. तालिबानला शिक्षा द्यायची म्हणून नळ बंद केला, तहान मात्र सामान्य माणसाला लागली.

हे अवलंबित्व आजचे नाही. अमीर अब्दुर रहमान खानला ब्रिटिश हिंदुस्थान सरकार १८८३ पासून वर्षाला १२ लाख रुपये देत होते. १८९३ च्या ड्युरँड करारानंतर ते १८ लाख झाले. म्हणजे हा पैसा आपल्याच देशाच्या तिजोरीतून जात होता. बाहेरच्या पैशावर आणि शस्त्रांवर उभ्या राहिलेल्या या राज्याने १८९१ ते १८९३ मध्ये हजारांचे बंड चिरडले, त्यांच्या जमिनी काढून घेतल्या, हजारो लोकांना गुलाम करून विकले. राज्याला रयतेच्या कराची गरज नसली की रयतेला उत्तर द्यायचीही गरज उरत नाही.

दोन्ही कथांना जोडणारा एक धागा फारसा कोणाला माहीत नसतो. कोलोरॅडो नदीवरचे हूवर धरण बांधणाऱ्या कंपन्यांपैकी एक होती मॉरिसन-नूडसन. हीच कंपनी १९४६ मध्ये हेल्मंद नदीचे खोरे ‘विकसित’ करायला अफगाणिस्तानात उतरली. कजाकी धरण १९५३ मध्ये पूर्ण झाले. लष्करगाह शहराला लोक छोटी अमेरिका म्हणू लागले. पण माती नीट न तपासता पाणी सोडल्यामुळे अनेक जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. पुढे हेच हेल्मंद अफूच्या पिकासाठी जगभर ओळखले गेले.

आणि आता मेस आयनाक. काबूलजवळच्या लोगर प्रांतात तांब्याच्या प्रचंड साठ्यावर प्राचीन बौद्ध विहार आणि स्तूपांचे अवशेष आहेत. २००७ मध्ये ही खाण चिनी कंपनीला देण्याचे ठरले. आपण तिथल्या स्तूपांसाठी आवाज उठवतो, उठवलाच पाहिजे. पण त्या तांब्याचा पैसा लोगरच्या शेतकऱ्याला मिळणार का, त्याचे पाणी शाबूत राहणार का, हे विचारल्याशिवाय तो आवाज अर्धाच आहे.

समाजाच्या आत

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, सगळा दोष बाहेरच्यांचा. तसे म्हणणे सोपे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे.

बाहेरचा दबाव समाज आतून फोडतो, आणि आत आधीच असलेल्या उतरंडीचा फायदा घेतो. ८ सप्टेंबर १९०६ रोजी ओराइबी फुटले. शाळेला अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन गट समोरासमोर उभे राहिले, एकमेकांना ढकलून निकाल लावला गेला आणि हरलेल्यांनी त्याच रात्री गाव सोडले. त्यांनी हॉटव्हिला वसवले. या गटांना ‘मित्र’ आणि ‘शत्रू’ ही नावे सरकारी अधिकाऱ्यांनी दिली होती. भावाभावांची ओळख परक्याच्या शब्दांत व्हायला लागली. नावाहो शेजाऱ्यांशी जमिनीचा वाद चिघळला, तोही १९७४ च्या कायद्याने वॉशिंग्टनने सोडवला आणि दहा हजारांहून अधिक नावाहो विस्थापित झाले. पीडितांची पीडितांशी लावून दिलेली भांडणे आपल्याला नवी नाहीत.

अफगाणिस्तानात हजारांची गुलामी अमानुल्लाह खानच्या काळात १९२० च्या दशकात कायद्याने संपली. पण काबूलमध्ये ओझी वाहायची, घरगडी म्हणून राबायचे, हे काम दीर्घकाळ त्यांच्याच वाट्याला आले. कायदा बदलला, पाठीवरचे ओझे तसेच राहिले. २००१ नंतर याच समाजाने शाळेवर सर्वाधिक जीव लावला. म्हणूनच ३० सप्टेंबर २०२२ रोजी काबूलच्या काज शिक्षण केंद्रात प्रवेशपरीक्षेचा सराव करणाऱ्या मुलांवर हल्ला झाला. ५० हून अधिक जीव गेले आणि त्यांत बहुतांश तरुण मुली होत्या. ‘अफगाणांना शिक्षण नकोच आहे’ असे म्हणणाऱ्यांनी या मुलींकडे पाहावे.

मग कागदावरच्या हक्कांचे काय? जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. ती कृतज्ञता योग्यच होती. पण त्याच देशाने आपल्या सर्व मूळ रहिवाशांना नागरिकत्व १९२४ मध्ये दिले आणि ॲरिझोनात त्यांना मताचा अधिकार मिळायला १९४८ साल उजाडले. अफगाणिस्तानच्या २००४ च्या संविधानाने स्त्री-पुरुष समानता मान्य केली, संसदेत स्त्रियांसाठी जागा राखल्या. आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांनी करार केला तेव्हा त्यावर अफगाण सरकारची सहीसुद्धा नव्हती. ज्या स्त्रियांचे भवितव्य ठरत होते त्या त्या खोलीत नव्हत्या.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकीय समता आली पण सामाजिक-आर्थिक विषमता तशीच राहिली, तर हा लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही. होपी आणि अफगाण समाजाचा इतिहास हा त्या इशाऱ्याचा दूरदेशीचा पुरावा आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून कोणतीही योजना, मदत, शाळा किंवा प्रकल्प वस्तीत आला की आपण तीन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. हे ठरवताना आम्हाला विचारले होते का? पैसा थांबला तर आमच्या हातात काय उरेल? आणि आमच्यातला सर्वांत खालचा माणूस, आमच्या घरातली बाई, यात कुठे आहे? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो परक्याला नव्हे, आपल्यालाच विचारायचा आहे.

पुढच्या मार्चमध्ये बामियानचे छायाचित्र जरूर पाठवा. पण त्याखाली यकावलंग हे नाव लिहायला विसरू नका.

जयभीम.