'फॉलआउट ३' आणि दोन तोंडांची गाय

अणुयुद्धानंतर उजाड झालेल्या अमेरिकेत घडणारा 'फॉलआउट ३' हा व्हिडिओ गेम ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारात आला. भारतात मात्र सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देत मायक्रोसॉफ्टने त्याची एक्सबॉक्स ३६० आवृत्ती आणलीच नाही. ही सरकारी बंदी नव्हती. नेमके काय खटकले, हे कंपनीने स्पष्ट केले नाही. चर्चा झाली ती किरणोत्सर्गाने दोन तोंडांच्या झालेल्या गायींची. गेममध्ये त्यांना 'ब्राह्मिन' म्हणतात. खेळाडू त्यांना मारू शकतो.

हे नाव १९९७ च्या पहिल्या 'फॉलआउट'पासूनचे असून ते अमेरिकेतील 'ब्रह्मन' या गोवंशावरून घेतलेले दिसते. तो वंश भारतातून नेलेल्या गीर, ओंगोल, कृष्णा खोरे आदी जनावरांपासून तयार झाला. पाठीवरचे वशिंड ही त्याची खूण. पोळा साजरा करणाऱ्या यवतमाळ, लोहाऱ्याच्या वाचकाला ती वेगळी सांगायला नको.

गायीपेक्षा विदारक प्रसंग गेममध्ये आहे. मेगाटन या वस्तीतील न फुटलेला अणुबॉम्ब निकामी करायचा, की फोडून अख्खी वस्ती नष्ट करायची, हे खेळाडूच ठरवतो. जपानी आवृत्तीतून स्फोटाचा पर्याय वगळण्यात आला. ऑस्ट्रेलियात 'मॉर्फिन'च्या वापरामुळे आधी प्रमाणपत्र नाकारले गेले. औषधाचे नाव 'मेड-एक्स' केल्यावर मार्ग मोकळा झाला. तेथे आक्षेप लेखी नोंदला गेला, म्हणून दुरुस्तीही शक्य झाली. भारतात २००८ मध्ये गेमला वयोगटाचे प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणाच नव्हती. परिणामी पालकांना इशारा मिळाला नाही आणि प्रौढ खेळाडूंना कारण.