यादी नको, शेपूट धरा

घाटकोपर असो की बोरिवली, स्टेशनाबाहेरचा कुठलाही स्पोकन इंग्लिशचा क्लास लावा. फ्रेझल वर्ब्जची झेरॉक्स हातात पडतेच. सोबत तोंडी ताकीद: याला नियम नाही, पाठच करायचं. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं, 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणं. यात 'गिव्ह'चं देणं कुठे गेलं, हे विचारायचं नाही.

या मताला भारदस्त आधार आहे, हे आधीच सांगून टाकतो. डॉ. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत परदेशी माणसाला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणून याच क्रियापदांकडे बोट दाखवलं. काहींचे अर्थ तर मूळ शब्दांपासून इतके लांब गेलेत की माग लागणार नाही, असंही म्हटलं. पण जॉन्सन 'काही' म्हणाला होता. क्लासवाल्यांनी त्याचं 'सगळी' केलं.

खोट यादीच्या मांडणीत आहे. ती क्रियापदावरून लावलेली असते, म्हणून नियम झाकला जातो. तीच शेपटावरून, म्हणजे मागच्या 'अप', 'ऑन', 'ऑफ'वरून लावून बघा. ईट अप, यूज अप, टेअर अप: काम तडीस गेलं, काही शिल्लक नाही. गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन: चालूच आहे. कट ऑफ, टेक ऑफ, कॉल ऑफ: तुटलं, सुटलं, रद्द झालं. अपवाद निघतील, पण ते अपवाद म्हणून ओळखू तरी येतील.

आणि नियम नाही म्हणता, तर 'कोप अप' आलं कुठून? अंधेरीतल्या ऑफिसांत 'कान्ट कोप अप विथ द वर्क' सर्रास ऐकू येतं. प्रमाण इंग्रजीत नुसतं 'कोप विथ'. यादीतही 'कोप अप' नसतं. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ' यांच्या चालीवर ते कुणीतरी घडवलं आणि बाकीच्यांच्या कानाला खटकलं नाही. घोकंपट्टीतून अशी चूक होत नाही. ती व्हायला आधी नियम अंगात मुरावा लागतो.

'पास आउट'ला हसणाऱ्यांनाही जरा थांबवायला हवं. त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं, हे खरं. पण लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं हाही त्याचा ब्रिटिश अर्थ आहे. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होते ती त्याच अर्थानं. कॉलेजपर्यंत तो आपण ओढला, एवढंच. मालाडच्या कॉल सेंटरमधून अमेरिकन गिऱ्हाइकाशी बोलताना मात्र 'ग्रॅज्युएट' म्हणावं, गैरसमज टळेल.

'गेट डाउन'ची गोष्ट निराळी. आपलं 'उतरणं' लोकलला चालतं आणि रिक्षालाही, म्हणून दोन्हीकडे आपण 'गेट डाउन' म्हणतो. इंग्रजी तिथे भेद करतं: ज्यात उभं राहून चार पावलं टाकता येतात त्या बस-गाडीतून 'गेट ऑफ', वाकून आत बसावं लागतं त्या टॅक्सी-रिक्षातून 'गेट आउट'. (संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चार पावलं कोण टाकतो, हा प्रश्न इंग्रजांना पडलेला नसावा.)

मराठी माणसाला हे सगळं परकं, हा दावा तर मुळीच टिकत नाही. 'बोलणं' घ्या. तो बोलून गेला: भान नव्हतं. बोलून बसला: आता निस्तरतोय. बोलून टाकलं: मोकळा झाला. बोलून दाखवलं: मनातली सल उघड केली. यातलं जाणं, बसणं, टाकणं अंगानं कुणी केलेलं नाही, तरी दुसरीतलं पोरही घोळ घालत नाही. संस्कृत शिकलेल्यांनी तर एकाच 'हृ' धातूचे आहार, विहार, प्रहार, संहार पाहिलेत. तिथे अर्थ वळवणारं पुढे जोडतात, इंग्रजीत मागे. शिकवताना या ओळखीचा उपयोग करावा, हे आपल्या क्लासांना क्वचितच सुचतं.

'पुट अप विथ'मधून सहन करणं कसं निघालं, हे शेपूट धरूनही उमगत नाही. तसली पाठ करावीत. 'हातावर तुरी देणं' आपणही तसंच शिकलो.