आगरकर चौकातून पूर्वेकडे

मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते. शहर आडवं ओलांडायचं, तर उपनगरातल्या माणसाला कैक वर्षं बेस्टच्या बसशिवाय पर्याय नव्हता. अंधेरी पूर्वेला स्टेशनबाहेरचा आगरकर चौक हे या आडव्या प्रवासाचं मोठं ठाणं.

रुळांचा प्रयोग इथेही झाला होता. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जाणारी रेल्वे १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. १९५० मध्ये अंधेरी महापालिकेच्या हद्दीत आली. पुढे मरोळला एमआयडीसी वसली, १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं आणि स्टेशनापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत माणसं पोहोचवायचं काम बसवर येऊन पडलं. ३३२ क्रमांकाची बस कुर्ल्याला, ३४० घाटकोपरला आणि ४१५ थेट सीप्झला. इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि पुढे दागिन्यांच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांची कामाची पाळी गाठण्याची सगळी भिस्त या ४१५ वर असे.

गर्दीला पुरी पडायची ती डबलडेकर. तिच्यात कंडक्टर दोन, एक खाली आणि एक वर. तिकिटांची पेटी काखेत, हातातल्या पंचाची टकटक चाललेली. जिन्यावर कुणी लटकलेलं नाही ना, हे बघूनच डबल बेल वाजायची. एक टोला थांबायचा, दोन टोले निघायचे. बसच्या कपाळावर क्रमांक देवनागरी आकड्यांत असे. शहरात नव्याने आलेला माणूस आधी ‘३३२’ वाचायला शिके, मग इथले रस्ते. ही शाळा मुंबईने फार चांगली चालवली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेस्टकडे सुमारे ९०० डबलडेकर होत्या. जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या, नव्या डिझेल गाड्या येणं थांबलं. १५ सप्टेंबर २०२३ रोजी नियमित प्रवासी सेवेतली शेवटची डिझेल डबलडेकर धावली ती याच ४१५ मार्गावर. लोकांनी तिला हारफुलांनी सजवून निरोप दिला. १९३७ पासून चालत आलेला जुन्या डबलडेकरचा क्रम तिथे संपला.

त्याआधीच चौकाचं गणित बदललं होतं. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि ३४० च्या वाटेवरची बरीचशी गर्दी डोक्यावरच्या पुलावरून जाऊ लागली. ज्यात ट्रॅफिकमध्ये तासभर मोडायचा, तो प्रवास काही मिनिटांवर आला, ही मोठीच सोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीप्झलाही भुयारी मेट्रोचं स्टेशन मिळालं. तरी महाकाली परिसरातल्या वस्त्यांत किंवा एमआयडीसीच्या आतल्या गल्ल्यांत राबणाऱ्याला बस लागतेच, आणि ती वेळेवर आली नाही तर शेअर रिक्षा. म्हणून भाड्याचा प्रश्न इथे जिव्हाळ्याचा आहे. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, तेव्हा बसला पुन्हा गर्दी होऊ लागली; मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झालं, आणि ही दुप्पट वाढ सर्वांत आधी जाणवली ती रोज दोन-चार थांब्यांसाठी बस धरणाऱ्यांना.