स्टिअरिंग सैल वाटतंय? अलाइनमेंटच्या आधी टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट तपासा

घरच्या जुन्या हॅचबॅकचं व्हील अलाइनमेंट मी चार महिन्यांत दोनदा करून घेतलं. दोन्ही वेळा मशीनच्या स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे दिसले. पण पंधरा दिवस गेले की पुन्हा तेच. सरळ रस्त्यावर गाडी थोडी थोडी भरकटायची, स्टिअरिंग सारखं सावरावं लागायचं आणि खड्ड्यात चाक गेलं की पुढून ‘टक’ असा आवाज यायचा. पुढच्या दोन्ही टायरची आतली कड गुळगुळीत झाली होती.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी ओबीडी स्कॅनर लावला. एकही एरर कोड नाही. तेव्हा हायसं वाटलं, पण ते चुकीचं होतं. स्टिअरिंगचा लोखंडी जोड किती झिजला आहे हे मोजणारा सेन्सर अशा गाडीत नसतोच. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या मोटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये बिघाड असेल तर कोड येतो, जोड सैल झाला तर येत नाही.

खरं कारण शेवटी फोनच्या स्लो-मोशन व्हिडिओत दिसलं. डावीकडचा टाय रॉड एंड झिजला होता. हा काहीशे रुपयांचा पार्ट आहे, पण तो पूर्ण निसटला तर ते चाक तुमच्या स्टिअरिंगचं ऐकणं बंद करतं. आम्ही त्याच गाडीने ताम्हिणी घाटातून कोकणात जाणार होतो. म्हणून ही माहिती नीट लिहून ठेवतोय.

आधी समजून घ्या: स्टिअरिंगपासून चाकापर्यंत काय काय असतं?

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रॅक अँड पिनियन प्रकारचं स्टिअरिंग असतं. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की पुढची साखळी अशी हलते:

१. स्टिअरिंग कॉलम: स्टिअरिंगखालचा दांडा. खाली त्याला एक-दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात.
२. पिनियन आणि रॅक: छोटं दातेरी चाक फिरतं आणि दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते.
३. रॅक एंड: रॅकच्या टोकाचा बॉल असलेला जोड. हा घडीच्या रबरी बूटमध्ये झाकलेला असतो. यालाच इनर टाय रॉडही म्हणतात.
४. टाय रॉड एंड: बाहेरच्या टोकाचा जोड. हा चाकाला ढकलतो किंवा ओढतो.
५. नकल: ज्या जाड लोखंडी भागावर चाक बसतं तो.

याशिवाय नकल खालून लोअर आर्मला बॉल जॉइंटने जोडलेलं असतं. चाक वळतं ते खाली या बॉल जॉइंटवर आणि वर शॉकअॅब्सॉर्बरच्या माउंटवर.

टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांची रचना सारखीच आहे. एका वाटीत पॉलिश केलेला लोखंडी गोळा, आत ग्रीस आणि वर रबरी बूट. बूट फाटलं की पावसाळ्यातलं पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस निघून जातं, गंज धरतो आणि गोळा वाटीत हलायला लागतो. या हलण्याला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात.

अलाइनमेंट का टिकत नव्हतं?

अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीच्या चाकांचा कोन मोजतं. जोडात प्ले असेल तर मशीनवर दिसलेला कोन आणि रस्त्यावरचा कोन वेगळा असतो. ब्रेक दाबला, खड्डा आला, वळण घेतलं की चाक त्या मोकळ्या जागेत हवं तसं हलतं.

कोनातला छोटा फरकही टायर खातो. साधं त्रिकोणमितीचं गणित आहे. चाकाची दिशा आणि गाडीची दिशा यात १ अंशाचा फरक असेल तर दर किलोमीटरला ते टायर साधारण १७ मीटर आडवं घासलं जातं. चाकं पुढच्या बाजूला बाहेर उघडलेली असतील तर आतली कड झिजते, आत वळलेली असतील तर बाहेरची.

आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांनी व्हिडिओ बघून एवढंच सांगितलं, “आधी प्ले काढायचा, मग अलाइनमेंट. उलटं केलंस तर पैसे पाण्यात.”

लक्षण एक, कारणं अनेक

पार्ट मागवायच्या आधी ही यादी बघा. प्रत्येक वेळी दोष स्टिअरिंगचाच असतो असं नाही.

- ८०-१०० च्या वेगातच स्टिअरिंग थरथरतं: आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर तपासा.
- गाडी एकाच बाजूला ओढते: आधी दोन्ही टायरची हवा, मग चिकटलेला ब्रेक, मग अलाइनमेंट.
- वळताना चाकाकडून सलग ‘कट-कट-कट’: बाहेरचा सीव्ही जॉइंट असण्याची शक्यता जास्त.
- उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरून ‘टण’ आवाज, स्प्रिंग उसळल्यासारखं: शॉकअॅब्सॉर्बरचं वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग.
- लहान खड्ड्यांवर खडखड, पण स्टिअरिंग घट्ट: स्टॅबिलायझरची लिंक किंवा बुश.
- स्टिअरिंग हलवलं तरी चाक लगेच हलत नाही, गाडी भरकटते, खड्ड्यात ‘टक’: टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा बॉल जॉइंट.

घरी करता येतील अशा तीन तपासण्या

*तपासणी १: स्टिअरिंगचा प्ले*

सपाट जागी गाडी उभी करा, चाकं सरळ ठेवा, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. आता दोन बोटांनी स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवा. टायर हलायला लागण्याआधी स्टिअरिंगची कड किती सरकते ते पट्टीने मोजा. अनेक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ३० मिलिमीटर दिलेली असते, काहींमध्ये त्याहून कमी. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

*तपासणी २: फोनचा स्लो-मोशन*

ही मला सगळ्यात उपयोगी पडली. गाडी चारही चाकांवर उभी, हँडब्रेक ओढलेला. फोन विटेला टेकवून पुढच्या चाकाच्या मागे जमिनीवर असा ठेवा की टाय रॉड एंड फ्रेममध्ये येईल. दुसऱ्या फोनची टॉर्च त्यावर मारा. स्लो-मोशन रेकॉर्डिंग सुरू करा आणि मित्राला स्टिअरिंग डावी-उजवीकडे वीतभर झटपट हलवायला सांगा.

जोड चांगला असेल तर टाय रॉड आणि नकल एकाच क्षणी हलतात. झिजलेला असेल तर रॉड आधी सरकतो, गोळा वाटीत उचलला जातो आणि मग नकल हलतं. माझ्या व्हिडिओत हे स्पष्ट दिसत होतं. नुसत्या डोळ्यांना मात्र काहीच कळलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे व्हिडिओ घ्या म्हणजे तुलना करता येते. इंजिन चालू असेल तर हात जोडांजवळ नेऊ नका, बोट चिरडू शकतं.

*तपासणी ३: चाक हातात धरून हलवणं*

एक पुढचं चाक जॅकने उचला आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चाक धरा:

- ९ आणि ३ वर धरून हलवलं आणि ‘टक’ जाणवलं, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड.
- १२ आणि ६ वर धरून हलवलं आणि ‘टक’ जाणवलं, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग.

बेअरिंग की जोड हे ओळखायला मित्राला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग. तसाच राहिला तर जोड.

सोबत सगळे रबरी बूट बघा. फाटलेलं बूट आणि आजूबाजूला उडालेलं ग्रीस दिसलं, तर प्ले अजून आला नसला तरी येणार हे नक्की.

टाय रॉड एंड बदलायची पद्धत

मी हे काम काकांच्या देखरेखीखाली केलं. पहिल्यांदा करत असाल तर तुम्हीही कुणा अनुभवी माणसासोबतच करा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.

१. सपाट आणि कडक जमिनीवर गाडी लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला, स्टँड लावा आणि चाक काढा.

२. आटे वायर ब्रशने साफ करा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा. टाय रॉडवरचा लॉक नट फक्त पाव-अर्धा आटा सैल करा. त्याची जागा मार्करने खुणवा आणि फोटो काढा. लॉक नटपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतरही मोजून ठेवा.

३. स्प्लिट पिन काढा. मग वरचा नट सैल करा, पण शेवटचे दोन-तीन आटे ठेवा. काही गाड्यांत स्प्लिट पिनऐवजी सेल्फ-लॉकिंग नट असतो.

४. गोळ्याचा निमुळता दांडा नकलमध्ये घट्ट बसलेला असतो. बॉल जॉइंट पुलर लावून तो सोडवा. आट्यांवर हातोडा मारू नका. फोर्कसारखं हत्यार ठोकलं तर बूट फाटतं, त्यामुळे जुना पार्ट टाकून द्यायचा असेल तरच ते वापरा.

५. आता जुना टाय रॉड एंड फिरवून काढा आणि किती फेऱ्यांत निघाला ते मोजा. अर्ध्या फेरीचीही नोंद ठेवा. नवा तेवढ्याच फेऱ्या लावायचा. नव्या पार्टची लांबी किंचित वेगळी असू शकते, म्हणून पायरी २ मधलं अंतर जुळवून बघा.

६. नवा दांडा नकलमध्ये बसवा आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. दांडा नटसोबत गरगर फिरत असेल तर दाब देऊन तो निमुळत्या भोकात घट्ट बसवा, मग आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, सैल करू नका. स्प्लिट पिन नेहमी नवी वापरा. सेल्फ-लॉकिंग नटही नवाच.

७. टाय रॉड पान्याने धरून लॉक नट आवळा. रॅकच्या रबरी बूटला पीळ पडला नाही ना ते बघा.

८. चाक लावा, नट समोरासमोरच्या जोडीने आवळा आणि गाडी खाली घेतल्यावर पूर्ण टॉर्क द्या.

९. हळू चालवत सरळ अलाइनमेंटला जा. फेऱ्या मोजल्याने गाडी तिथपर्यंत नीट जाते एवढंच, त्याने अलाइनमेंट होत नाही.

कुठे थांबायचं?

रॅक, कॉलम आणि स्टिअरिंग व्हील यांना घरी हात लावू नका. व्हीलमध्ये एअरबॅग असते. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॉल जॉइंट लोअर आर्ममध्येच पक्का बसवलेला असतो, तेव्हा संपूर्ण आर्म बदलावा लागतो. आर्मचे बुश वेगळे बदलायचे तर प्रेस मशीन लागतं. आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळायचा असतो, नाहीतर रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. हे काम गॅरेजमध्येच करून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एका बाजूचा गेला तर दोन्ही बदलायचे का?*
सक्ती नाही. पण दोन्ही सारखेच जुने असतील तर एकदम बदलणं परवडतं, कारण अलाइनमेंटचा खर्च एकदाच होतो. काही गाड्यांत डावा आणि उजवा पार्ट वेगळा असतो, पार्ट नंबर बघूनच घ्या.

*फक्त बूट फाटलंय, प्ले नाही. चालेल का?*
काही दिवस चालेल, पण पावसाळ्याच्या तोंडावर वाट बघू नका. आत पाणी गेलं असेल तर नुसतं बूट बदलून उपयोग नाही.

*प्ले सापडला, पण आजच लांब जायचंय?*
जाऊ नका. टाय रॉड एंड निसटला तर चाक स्वतःच वळतं. बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेर पडून गाडी त्या बाजूला बसते. दोन्हींत सावरायला वेळ मिळत नाही.

*गॅरेजमध्ये नेमकं काय सांगू?*
“स्टिअरिंग बघा” असं मोघम सांगू नका. “डावीकडच्या टाय रॉड एंडला प्ले आहे, हा व्हिडिओ बघा. बदलून मग अलाइनमेंट करायचंय” असं सांगा. जुना पार्ट परत मागा आणि त्याचा गोळा हाताने हलवून बघा. माझ्या जुन्या पार्टचा गोळा दोन बोटांनी सहज डुलत होता, नव्याचा हाताने हलवायला जोर लागत होता.

पार्ट बदलून तिसऱ्यांदा अलाइनमेंट केलं आणि ते टिकलं. पुढचे दोन टायर मात्र बदलावे लागले. ते घाटात न्यायच्या लायकीचे राहिले नव्हते. पहिल्या अलाइनमेंटच्या आधीच दहा मिनिटं देऊन हा व्हिडिओ काढला असता तर कदाचित तेही वाचले असते.