कोलाडच्या नदीत पाणी येतं कुठून?

दिवाळी झाली की आपल्या वेळापूर भागातल्या बचत गटांत सहलीचा विषय निघतो. पूर्वी ठिकाणं ठरलेली असायची. तुळजापूर, अक्कलकोट, गोंदवले, फार तर महाबळेश्वर. आता लेकीसुना मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, यंदा कोलाडला जाऊ, राफ्टिंग करू. हवा भरलेली रबरी होडी, अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात वल्हं आणि फेसाळत्या पाण्यातून बारा-तेरा किलोमीटर. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी तिथं गर्दी करतात. त्या नदीचा इतिहास आज सांगायचा आहे. नदी कोकणातली, पण तिचं पाणी आपल्या खोऱ्यातलं आहे.

कोलाड रायगड जिल्ह्यात, रोहा तालुक्यात. नदीचं नाव कुंडलिका. कोकणातल्या लहान नद्यांचं एक असतं. पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि चैत्र-वैशाखात दगडगोटे उघडे पडतात. मग कुंडलिकेत भर मे महिन्यात होडी उडेल एवढं पाणी कसं? तिथली राफ्ट चालवणारी मुलं सांगतात, सकाळी पाणी सुटतं, ते असेल तोवरच आपली फेरी. म्हणून राफ्टिंग सकाळीच असतं. हे पाणी सुटतं रावळजे इथल्या बंधाऱ्यातून. तिथं ते येतं भिऱ्याच्या वीजघरातून. आणि भिऱ्याला ते येतं सह्याद्रीच्या पलीकडून, पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणातून. बोगद्यातून आणि मोठाल्या नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली येतं, यंत्रांची चाकं फिरवतं आणि मग नदीत जातं.

मुळशी धरण मुळा नदीवर आहे. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीत येते आणि उजनीखाली पंढरपूरला जाते. म्हणजे डोंगरमाथ्यावरचं हे पाणी मूळच्या उतारानं गेलं असतं तर ते चंद्रभागेत आलं असतं. आज त्यातलं बरंचसं उलट्या दिशेला, कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीत जातं.

एकट्या मुळशीचं असं नाही. ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम आपल्या वेळापुरात असतो, म्हणून आळंदीची इंद्रायणी आपल्याला घरची. तिचंही पाणी लोणावळ्याला वळवण धरणात अडवलेलं आहे आणि ते खोपोलीच्या वीजघरातून पाताळगंगेत उतरतं.

हे झालं कशासाठी? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि कोळसा लांबून आणावा लागे. घाटमाथ्यावर पाऊस धो धो, आणि पश्चिमेला सरळ कडा. पूर्वेकडे वाहणारं पाणी माथ्यावर अडवून कड्यावरून खाली सोडलं तर वीज होते, हे टाटा कंपनीनं हेरलं. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली आणि भिऱ्याचं १९२७ साली. मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या, घरातले दिवे या विजेवर आले. काम मोठं होतं, यात शंका नाही.

पण मुळशीच्या खोऱ्यात माणसं राहत होती. पन्नासच्या आसपास गावांना या धरणाची झळ बसली. आंबेमोहोर तांदळाचा तो मुलूख. पिढ्यान् पिढ्या बांध घालून केलेली भाताची खाचरं. मोजणीची माणसं शेतात आली आणि खड्डे खणायला लागली, तेव्हा लोकांना कळलं की आपली जमीन जाणार आहे.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजाराहून जास्त मावळे, त्यांच्याबरोबर बायापोरं, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सरकार इंग्रजांचं असलं तरी कंपनी देशी होती, आणि भांडण देशी कंपनीशी होतं, ही या लढ्याची वेगळी गोष्ट. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’तून मावळ्यांची बाजू घेऊन टाटांना विनंती केली. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच मुळशीत. काही महिने काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, पुन्हा सत्याग्रह, मारहाण, तुरुंग. बायकाही तुरुंगात गेल्या. शेवटी १९२४च्या डिसेंबरात बापटांनी कामाची आगगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची सजा झाली. लढा मोडला. धरण झालं.

या इतिहासातली एक गोष्ट आम्हा बचत गटवाल्यांना जास्त टोचते. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. त्यामुळे कसणाऱ्याला जमीन हवी होती, तर कागदावरच्या मालकाला चांगला भाव. भाव वाढवून मिळतोय म्हटल्यावर पुष्कळ सावकारांचा लढ्यातला जीव गेला. आणि ज्या बाईनं चिखलात वाकून रोपं लावली, तिचं नाव ना मालक म्हणून, ना कूळ म्हणून. मोबदल्याच्या हिशेबात ती कुठे बसणार? बैठकीत आम्ही सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून मागे लागतो, तेव्हा काही जणी कंटाळतात. त्यांना आम्ही मुळशीचं सांगतो.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. दुष्काळ पडला, उजनी खाली गेली, की आपल्या जिल्ह्यात मागणी होते, टाटांच्या धरणांतलं पाणी भीमेत सोडा. मागणी हवेतली नाही. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं या वीजघरांसाठी वर्षाला सरासरी ४२.६ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला मान्यता दिलेली आहे. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. शेजारी शेजारी ठेवले की आकडे बोलतात. वीज आज दुसरीकडूनही करता येते, सूर्यापासूनही. पाणी दुसरीकडून आणता येत नाही. त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी तरी पिण्यापुरतं पाणी पूर्वेला यावं, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

पण कोलाडला जाऊन आल्यावर दुसरी बाजूही दिसते. त्या पाण्यावर आता रोह्याची तहान भागते, कारखाने चालतात, खाली कालव्यावर भातशेती होते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत राफ्टिंग आलं आणि गावातल्या पोरांना मुंबईला न जाता रोजगार मिळाला. बायका घरगुती जेवणं देतात. आम्हाला तांदळाची भाकरी वाढणारी ताई म्हणाली, पाणी बंद म्हणजे आमची चूल बंद. तिला काय उत्तर द्यायचं? शंभर वर्षं वळवलेलं पाणी एका ठरावानं परत फिरवता येणार नाही. आणि आपल्या मागणीच्या मोर्चांत मुळशीच्या उठलेल्या गावांचा हिशेब कुणी मांडताना आम्ही ऐकलेलं नाही. पाणी आपलं म्हणताना ज्यांची घरं त्याखाली गेली त्यांना विसरायचं, हे बरोबर नाही.

आपणही त्यातून सुटत नाही. माळशिरस तालुक्यात ऊस उभा आहे तो नीरा उजव्या कालव्यामुळे, आणि त्या कालव्यामागे भोरजवळचं भाटघर धरण आहे. मुळशीच्याच काळात तेही मोठं झालं. त्याच्याही पोटात गावं आहेत. उजनीचं तर आपल्यातल्या वयस्कर बायकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

कोलाडला जाणाऱ्यांसाठी थोडं. वेळापूरहून एका दिवसात होत नाही, मुक्काम लागतो. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट या रस्त्यानं जा. मुळशीचा जलाशय वाटेतच दिसतो, तिथं गाडी थांबवा. साडीवर राफ्टमध्ये बसायचं नाही, पंजाबी ड्रेस घ्या आणि मंगळसूत्र मुक्कामी काढून ठेवा. पोहता येत नसलं तरी चालतं, पण जॅकेटचे पट्टे ओढून आवळलेत का, हे स्वतः बघा.

ज्यांना एवढं लांब जमणार नाही, त्यांना पळसदेव आहे, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून, इंदापूर तालुक्यात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की तिथलं बुडालेलं जुनं मंदिर वर येतं आणि लोक होडीतून बघायला जातात. आम्ही गेलो तेव्हा होडीवाल्या काकांनी मंदिर झाल्यावर वल्हं थांबवलं आणि मोकळ्या पाण्याकडे बोट केलं. म्हणाले, इथं आमचा वाडा होता, आणि तो तिकडं बाजार भरायचा.